चि. सईस

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

सुट्टीत येणार नाहीस, प्रबंधासाठी गुलामांच्या जहाजांच्या नोंदी वाचायच्या आहेत, असं तू काल फोनवर सांगितलंस आणि मी ताडकन बोलले, "असलं वाचायला पदवी कशाला हवी?" तू फोन ठेवलास. बाबा रात्रभर माझ्याशी बोलले नाहीत. म्हणून हे पत्र.

आफ्रिका आणि तिथून जगभर विखुरलेली माणसं शिकून पुढे नोकरी कसली, हे मी विचारणार नाही. दादाने विचारलं तेवढं पुरे. मला काळजी आहे ती तुझ्या झोपेची. आजीच्या वेळी तुझं काय झालं होतं ते मी पाहिलं आहे. वाचलेलं तुझ्या अंगात उतरतं. ती 'झाँग' जहाजाची हकीकत तूच सांगितलीस ना, मध्यरात्री, एका दमात? १७८१ साली १३० हून अधिक जिवंत माणसं समुद्रात फेकली, आणि जहाजाचे मालक बुडालेल्या 'माला'च्या विम्याची भरपाई मागायला गेले. लंडनच्या कोर्टात १७८३ मध्ये खटला उभा राहिला तो विम्याचा, खुनाचा नाही. मला दोन दिवस काही सुचलं नाही. तू तर रोज तेच वाचणार. अटलांटिकपार नेण्यासाठी सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली, त्यातली अठरा लाखांच्या आसपास वाटेतच गेली. आणि नोंदीत बहुतेकांचं नावसुद्धा नाही म्हणतेस.

म्हणून सांगते, जहाजांचं वाचशील त्या दिवशी हैतीचंही वाचत जा. गुलामांनीच लढून १८०४ साली आपला देश उभा केला, ते वाच. ब्राझीलच्या जंगलात पळून गेलेल्या गुलामांनी पाल्मारेस ही आपली वस्ती वसवली, ते वाच. रात्री दहानंतर नोंदींना हात लावू नकोस. कुणाशी तरी बोलत जा, मैत्रिणींशी, मार्गदर्शक बाईंशी... बघ, तुझा अभ्यासक्रम मीच आखायला निघाले. राग मानू नकोस.

काकांकडची ती संध्याकाळ मला आठवते. "आफ्रिकेला इतिहास होताच कुठे?" असं ते म्हणाले, आणि तू माली देशातल्या टिंबक्टू शहराच्या जुन्या हस्तलिखितांबद्दल बोलायला लागलीस. गणित, खगोल, वैद्यक, कायदा. २०१२ मध्ये शहर बंडखोरांच्या हाती गेलं तेव्हा लोकांनी ती पत्र्याच्या ट्रंकांत भरून जीपमधून, होड्यांतून राजधानीत, बामाकोला पोचवली. काका गप्प झाले. मी आत जाऊन डोळे पुसले, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आणि जंजिरा! दाराच्या बाजूला पंजात हत्ती धरलेला तो दगडी प्राणी बघून सगळी मुलं ओरडत होती. तू वाटाड्याचा सदरा ओढून विचारत होतीस, हे सिद्दी आफ्रिकेतून आले तेव्हा त्यांच्या आया बरोबर होत्या का? तो पुढे तोफेकडे निघून गेला. होडीतही तू तेच विचारत राहिलीस. मलिक अंबरचं मला पाठ होतं: लहानपणी इथिओपियात विकला गेला, दख्खनमध्ये निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवली, १६२६ मध्ये गेला. त्याच्या आईचं काय झालं, हे मात्र मला सांगता येईना. त्या रात्री तू झोपली नाहीस. एवढीशी होतीस.

तो प्रश्न तू सोडला नाहीस याचा मला अभिमान आहे, सई. आणि म्हणूनच भीतीही वाटते. नोंदींत तू आयाच शोधत बसशील.

सुट्टीत नाही आलीस तरी चालेल. प्रबंधातलं लिहून झालेलं प्रकरण मला पाठव, मी वाचेन. सुरुवात हैतीपासून कर, जहाजांचं नंतर. आणि खरंच, रात्री दहानंतर नको गं. फार अस्वस्थ वाटलं तर कितीही वाजले असले तरी फोन कर, मी उचलेन.

तुझी,
आई