रविवारची प्रिंट बैठक: सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता धरमपेठेतील आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये बैठक आहे. विषय: वन्यजीव छायाचित्रण फाइन आर्ट म्हणून करायचं, तर त्यावर पोट कसं चालवायचं? ताडोबा-पेंचचे फोटो आपल्या सगळ्यांकडे ढिगाने आहेत, पण भिंतीवर लावायला विकत कोण घेईल, हा प्रश्न वेगळा आहे.

• प्रत्येकाने दोनच प्रिंट आणाव्यात, १८ × १२ इंच. ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ५४०० × ३६०० पिक्सेल लागतात; त्यामुळे फार क्रॉप केलेली फाइल टिकणार नाही. कागद मॅट (चकाकी नसलेला), शक्यतो आर्काइव्हल, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणारा. मोबाइलवर दाखवलेले फोटो बघितले जाणार नाहीत.

• मर्यादित आवृत्ती ठरवून या. १० प्रती म्हटल्या की अकरावी विकायची नाही. कडेला पेन्सिलीने ३/१० (दहापैकी तिसरी प्रत) असा क्रमांक आणि सही. किमतीवर वाद होणारच, होऊ द्या.

• प्रिंट विकली तरी कॉपीराइट आपलाच. लेखी हस्तांतर केल्याशिवाय तो जात नाही. करारनाम्याचा नमुना वाटला जाईल.

• घरट्यावरचे, आमिष दाखवून काढलेले फोटो नकोत. पार्श्वभूमी बदललेली असेल तर प्रिंटच्या मागे तसं लिहा.

नुसता वाघाचा चेहरा पुरे झाला, असं माझं मत आहे. उमरेडच्या गवतातला सांबर, मेच्या धुळीतले रानगवे आणा की!

नावं शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर कळवा. चहा आहे, नाश्ता घरूनच करून या.

– चिटणीस