आई-बाबांना, मोठ्या अक्षरात

ती. आई-बाबा,
सा. न.

हे पत्र टाइप करून प्रिंट काढून पाठवतेय कारण माझं अक्षर बाबांना लागत नाही आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना बारीक वाचायला द्यायचं नाही असं तूच बजावलंयस आई, म्हणून १८ पॉइंटमध्ये केलंय, पानं जास्त झाली तर कुरकुर करू नका. फोनवर बोललो असतो पण बाबांना फोनवर अर्धंच ऐकू येतं, मग तू स्पीकरवर टाकतेस आणि मग काकू, शेजारच्या आक्का, चाळीतले कांदे निवडायला आलेल्या बायका, सगळ्यांना माझा पगार कळतो.

मुद्द्याचं आधी सांगते म्हणजे रागवायचं ते इथेच रागावून घ्या. त्या शाळेच्या ड्रॉइंग टीचरच्या जागेला मी नाही म्हणाले. मागच्या सोमवारी. दादाला माहितीये, त्याने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं, आता बोलतोय. कॉलेजात अजून एक वर्ष प्रिंटमेकिंगला, म्हणजे पत्र्यावर चित्र कोरून कागदावर छापायला शिकवतात तिथे, असिस्टंट म्हणूनच राहणार आहे, तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे आणि मे महिन्यात काहीच नाही, आणि जे मिळतात तेही वेळेवर मिळतील असं नाही, दिवाळीआधीचे दिवाळीनंतर आले होते हे तुम्हाला ठाऊकच आहे. हे सगळं धरून मी नाही म्हणाले. का ते सांगते, पण जरा लांबून येते.

आई, तू दरवेळी विचारतेस की असिस्टंट म्हणजे नक्की काय करतेस, सर नसले की पोरं सांभाळतेस का. ते तर करतेच. पण सकाळी साडेनऊला जाऊन पहिलं काम म्हणजे ॲसिड बनवायचं. झिंकच्या पत्र्यावर रेघ खायला नायट्रिक लागतं, एक भाग ॲसिड आणि आठ-दहा भाग पाणी, आणि नेहमी पाण्यात ॲसिड ओतायचं, उलट करायचं नाही, उलट केलं तर अंगावर उसळतं. हे मी दर बॅचला तीनदा बोलते आणि तरी दरवर्षी एक जण मला दाखवायला उलटं करायला जातोच. मग कागद. कागद आदल्या रात्री भिजवून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा, तू कणीक मळून झाकून ठेवतेस ना मुरायला, अगदी तसंच, वरून ओला दिसून चालत नाही, आतून मऊ पडायला लागतो, तरच तो पत्र्याच्या रेघेत घुसून शाई उचलतो. हे उदाहरण मी वर्गात देते आणि ते एकदाच सांगावं लागतं, त्यामुळे तुझं शिकवणं चालू आहे म्हण. मग लिनो, म्हणजे ठसे कोरायचा तो मऊ तक्ता, कापताना कुणाचं बोट हत्याराच्या पुढे आहे ते बघत फिरायचं, हजेरी, सबमिशनच्या याद्या, आणि संध्याकाळी शाईची काच रॉकेलने पुसायची. पुसायला कुणी थांबत नाही. कोंबडीची पिसं पण मीच आणते, पत्रा ॲसिडमध्ये असताना रेघेवर बुडबुडे धरतात ते पिसाने हलके सारावे लागतात. हो, कोंबडीचंच पीस, आणि मी आंघोळ करूनच देवघरात जाते.

बाबा, आता तुमचं. पहिल्या वर्षाला इंटाग्लिओ म्हणजे काय हे कसं सांगायचं ते मला दोन वर्षं जमत नव्हतं. फळ्यावर आकृती काढायचे, खोबण, त्यात शाई, वरचं पुसून टाकायचं, खोबणीतली तेवढी कागदावर येते, मुलं माना डोलवायची आणि पत्रा हातात दिला की वरच रोलर फिरवायची, ठशासारखा. यावर्षी मी तुमची सवय काढली. आठवतं का, नवी नोट हातात आली की तुम्ही मोजायच्या आधी अंगठा फिरवायचे. लहानपणी मला वाटायचं खरी-खोटी बघताय, मग वाटायला लागलं तुम्ही आपल्याच कामावर हात फिरवताय. तर मी म्हटलं सगळ्यांनी १०० ची नोट काढा आणि गांधीजींवरून अंगठा फिरवा, उठावदार लागतं का. बावीस मुलांत तिघांकडे नोट निघाली, चौथी मी काढली. एक म्हणतो मॅडम माझ्याकडे फक्त फोनपे आहे. मग त्या चार नोटा वर्गभर फिरवल्या, आणि गांधीजी, अशोकस्तंभ, कडेच्या तिरक्या रेघा असं चाचपत एकेकाचा चेहरा असा झाला की काय सांगू, एवढी वर्षं खिशात घेऊन फिरतोय आणि कधी हात लावून बघितलंच नाही. मी म्हटलं ही शाई कागदावर बसलेली नाही, खोबणीतून उपसून आलेली आहे, आणि आपण इथे करतो ते हेच, फक्त आपलं चाक हाताने फिरवायचं. माझे वडील नाशिकच्या नोट प्रेसमध्ये होते म्हटल्यावर तर तासभर प्रश्न. मला उत्तरं येत नव्हती. चौतीस वर्षांत तुम्ही घरी सांगितलंत काय, तर १९२५ ला पोस्टाच्या तिकिटांचा प्रेस निघाला, त्याआधी तिकिटं लंडनहून छापून यायची, आणि १९२८ ला नोटांचा. बस. आत काय चालतं विचारलं की तुम्ही म्हणायचे जेवण वाढा. मुलांना मी तेच सांगितलं आणि ती हसली. त्या चारपैकी एक नोट मला परत मिळाली नाही, तीही माझीच होती.

आता माझं स्वतःचं काम. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीची सिरीज करतेय असं फोनवर बोलले होते तेव्हा आई म्हणालीस देवाचं चित्र आहे तर विकलं जाईल. देवाचं नाहीये गं, म्हणजे आहे पण पुराचं आहे. गंगेला, आपल्या गोदावरीला, पाणी आलं की आपण सगळे काय विचारतो, धरणातून किती सोडलंय ते नंतर, आधी मारुती कुठपर्यंत बुडला. गुडघ्याला, कंबरेला, छातीला. २०१९ च्या ऑगस्टात मी आणि बाबा पुलाजवळ गर्दीत उभे होतो आणि तो अनोळखी माणूस बाबांना सांगत होता की आत्ता खांद्याला लागलं, जसं काही ताप मोजतोय. ते डोक्यातून गेलंच नाही.

तर एकच पत्रा घेतलाय. त्याच्यावर राळेची बारीक भुकटी पाडायची, खालून गॅसने तापवायची, ती वितळून दाणे चिकटतात, काचेसारखी चमक आली की गॅस बंद. मग ॲसिड दाण्यांच्या मधे मधे खातं आणि छापल्यावर तिथे सपाट करडी छटा येते. जितका वेळ ॲसिडमध्ये तितकी छटा गडद. मी काय करते, पत्रा तिरका धरून थोडा थोडा बुडवते, आधी फक्त तळ, दोन मिनिटांनी गुडघा, मग कंबर, म्हणजे तळ सगळ्यात जास्त वेळ आत राहतो आणि सगळ्यात काळा होतो. ॲसिडचाच पूर. प्रत्येक पातळीला थांबून पत्रा धुवायचा, पाच कागद छापायचे, आणि परत राळ पाडून बुडवायचा. एकदा पुढची पातळी चढली की मागची त्या पत्र्यावर राहतच नाही, कागदावर छापून ठेवली तेवढीच. हे मला फार आवडतं, का ते नीट सांगता येत नाही.

आणि आता रडगाणं. जुलैमध्ये चौथ्या पातळीला पत्रा ॲसिडमध्ये होता, साडेपाच वाजले होते, वर्ग संपला होता पण एक जण लिनो कापत बसला होता, आणि हत्यार सटकलं आणि अंगठ्यात. खोल. त्याला घेऊन खाली पळाले, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात टाके, त्याच्या घरी फोन, आणि वर आले तोपर्यंत पाऊण तास. पत्रा आतच. तुम्हाला वाटेल जास्त काळा झाला असेल, तसं होत नाही, दाणेच उखडून जातात आणि मग शाई धरायला काही उरतच नाही, पुसताना सगळी निघून जाते. जिथे सगळ्यात काळं पाणी यायला हवं होतं तिथे धुतलेल्या बनियनसारखं राखाडी आलं. तीन आठवड्यांचं काम. दुसऱ्या दिवशी मी त्या पोरावर सगळ्यांसमोर ओरडले, अंगठ्याला पट्टी बांधून उभा होता बिचारा, आणि ओरडले ते बोट पुढे ठेवल्याबद्दल असं दाखवलं पण ते पत्र्याबद्दल होतं, हे त्यालाही कळलं आणि मलाही. मग चार दिवस तो वर्ग सुटल्यावर थांबून डाव्या हाताने माझ्या नव्या पत्र्याच्या कडा कानशीने घासत बसला, कडा उतरत्या केल्या नाहीत तर प्रेसची ब्लँकेटं कापली जातात म्हणून. इतक्या घासल्या की मला एका बाजूने अर्धा इंच कापून टाकायला लागला. काही बोलले नाही.

लोक म्हणतात शिकवताना माणूस स्वतः शिकतो. माझ्या हिशोबाने निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं म्हणजे सहा वाजता स्वतःच्या पत्र्यासमोर बसलं की हात शिल्लक राहिलेला नसतो, दिवसभर दुसऱ्यांच्या रेघा दुरुस्त करून आपली रेघ कुठली तेच आठवत नाही. आणि कधी कधी उलटंही होतं. पहिलं प्रूफ काढलं तेव्हा मी खूश, आणि मागून एक मुलगी म्हणते मॅडम पूल डावीकडे कसा गेला? उलटं छापतं, उलटं काढा, हे वर्षभर त्यांना सांगणारी मी, स्वतः सरळ काढून बसले होते. दुसरा लगेच, मॅडम मारुतीला दोन तोंडं आहेत त्याला चालतंय की कसंही. वर्ग हसून लोटपोट. पण मी पूल तसाच ठेवलाय, बघू कोण ओळखतं.

तांब्याचा पत्रा हवा होता तेव्हा भांडी बाजारात गेले. झिंकपेक्षा तांब्यावर रेघ बारीक येते. दुकानातल्या काकांनी किलोवर तोलून दिला आणि विचारलं कशाचं भांडं करणार? मी म्हटलं चित्र कोरणार, तर म्हणाले मग डोळे सांभाळ. बाबा तुम्हाला हे आवडेल, १८०५ साली मिरजेत भगवद्गीता छापली ती तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं उलटी कोरून, आणि कोरणारा होता एक तांबट. नाना फडणविसांच्या वेळी पुण्यात त्याने ते शिकून घेतलं, नाना गेले, मग पटवर्धनांनी मिरजेला आसरा दिला. भांडी ठोकणारा माणूस अख्खी गीता उलटी कोरतो, आणि मला एक पूल उलटा काढता आला नाही.

तर शाळेला नाही का. पगार चांगला होता, घरापासून जवळ, आणि तुम्हाला गावात सांगायला बरं पडलं असतं, सगळं कळतं मला. पण शाळेत प्रेस नाही. मोठं चाक, दोन लोखंडी रोलर, त्यांच्यामधून जाणारा तो पाट, हे असल्याशिवाय माझं काम होतच नाही, आणि विकत घ्यायची ऐपत अजून नाही. कॉलेजात संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवारी किल्ली माझ्याकडे असते. म्हणजे खरं बघितलं तर मला पगार कमी आणि किल्ली जास्त मिळते. आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांनी पण पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडून छपाईचा धंदा काढलाच होता, सिनेमा त्याच्यानंतर, आणि हे मी स्वतःला फाळके समजत नाहीये, दादाला आधीच सांगून ठेवा, तो तेच म्हणणार आहे. एक वर्ष द्या. तेवढ्यात सिरीज पूर्ण करते आणि टेबलावरचा छोटा प्रेस घेण्यापुरते पैसे बाजूला पडतात का बघते. नाही पडले तर बोलू. लग्नाचं पण तेव्हाच बोलू, आई, आत्ता नको.

बाबा, एक राहिलंच. मागच्या महिन्यात मी फोन केला होता की छपाई डावीकडे फिकी येतेय, रोलरचा दाब कमी-जास्त असेल का, मी पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून बघितल्या, स्क्रू आवळले, दोन रविवार गेले. तुम्ही पलीकडून एवढंच म्हणालात, आधी कागद बघ, आणि फोन आईकडे दिलात. मला राग आला होता. कागदच होता. प्लास्टिक एका बाजूने फाटलेलं, ती बाजू रात्रीत वाळत होती. तुम्हाला प्रेस न बघता कसं कळलं ते मला अजून विचारायचंय, आणि जेवण वाढा म्हणालात तर या वेळी ऐकणार नाही. दसऱ्याला प्रेसला झेंडूचा हार घालून पूजा करतो आम्ही. तेव्हा या दोघं, चार दिवस राहा, घर तुमचंच आहे, फक्त बाल्कनीत कागद वाळत टाकलेले असतील. चांदवडहून सकाळची गाडी धरा, दुपारची नको, आईचे गुडघे तेवढा वेळ उभं राहायचे नाहीत. आणि डोळ्यातले थेंब अजून चालू आहेत ना? दादाने दिलेलं वेळापत्रक फ्रिजवर लावलंय का, की परत कपाटात गेलं?

सोबत एक छापलेलं पाठवतेय, दोन पुठ्ठ्यांच्या मधे आहे, घडी घालू नका. खाली ३/५ लिहिलंय म्हणजे त्या पातळीच्या पाचातलं तिसरं, मार्क नाहीत. पाणी मारुतीच्या कंबरेला आहे. बाबा, त्याच्या खालच्या काळ्या भागावरून अंगठा फिरवून बघा, पण आधी हात धुवा, तुमचा हात तंबाखूचा असतो. आणि आई, माझ्या बारावीच्या सर्टिफिकेटचं केलंस तसं हे लॅमिनेट करून आणू नकोस.

तुमची,
सोनी