मनगटावरचा बँड काढ, नडगीला सेन्सर बांध

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळालं. मनगटावरच्या बँडचे आकडे लकव्याच्या पेशंटच्या चालण्याशी जुळत नाहीत म्हणून वैतागला आहेस. जुळणार कसे? तो बँड हाताच्या झोक्यावर पावलं मोजतो. लकव्याचा हात कोपरात आखडून छातीशी, दुसऱ्या हातात काठी. झोका उरतोच कुठे? त्यात चाल फार मंद असली की हिसकेही इतके बारीक होतात की यंत्राच्या लेखी ते पाऊलच नसतं. नुसती संख्या हवी असेल तर चांगल्या पायाच्या घोट्याला हालचाल टिपणारा सेन्सर बांध आणि आकडा दुप्पट कर.

पण संख्येच्या फार नादी लागू नकोस, एकट्या वेगाच्याही नको. चांगल्या पायावर सगळी भिस्त ठेवूनही वेग वाढतो आणि आपल्याला वाटतं, लकव्याचा पाय सुधारला. निरोगी चालीत पाय साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के हवेत असतो. लकव्याच्या पायावर भार पेलवत नाही, म्हणून तो जमिनीवर कमी आणि हवेत जास्त राहतो. त्याच्या हवेतल्या वेळेला चांगल्या पायाच्या हवेतल्या वेळेने भाग. उत्तर १ कडे सरकतंय का, ते बघ.

त्यासाठी दोन्ही नडग्यांना, घोट्याच्या हाडाच्या चार बोटं वर, बाहेरच्या बाजूला एकेक सेन्सर पुरे. सेकंदाला १०० नोंदी ठेव. डाव्या-उजव्याला वेगळ्या रंगाचे पट्टे लाव. अदलाबदल झाली तर सगळा निष्कर्षच उलटा. सैल पट्टा पावलागणिक थरथरतो आणि ती थरथर नोंदीत उतरते. घट्ट पट्ट्याचं दुखणं वेगळंच: त्या बाजूची संवेदना कमी असली तर रुतला तरी पेशंट बोलणार नाही. काढल्यावर कातडी बघायचीच.

सुरुवातीला दहा सेकंद पाय अजिबात हलू देऊ नकोस, म्हणजे जायरोस्कोपचा (सेन्सरमधला फिरण्याचा वेग मोजणारा भाग) शून्य नीट ठरतो. बांधण्याआधी आणि काढल्यावर दोन्ही सेन्सर एकत्र धरून टेबलावर तीनदा आपट, म्हणजे त्या ठोक्यांवरून दोन्ही नोंदींच्या वेळा जुळवता येतात. त्यांच्या घड्याळांत दहा लाखांत वीस एवढाच फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंद होतात. हवेतला वेळ एकाच सेन्सरवरून निघतो, त्याला याची झळ नाही. दोन्ही पाय एकदम टेकलेले असतानाचा वेळ मात्र पार बिघडतो.

चाचणीसाठी १४ मीटर सरळ वाट घे आणि मधले १० मीटरच मोज. स्टॉपवॉचही लाव. सेकंदाला ०.४ मीटरच्या आत घरापुरतं चालणं, ०.८ च्या पुढे बाहेर बऱ्यापैकी मोकळं, असा ढोबळ हिशेब आहे.

आता खरी गोची. बहुतेक सॉफ्टवेअर टाच आधी टेकते असं धरून चालतं. फूट ड्रॉपमध्ये, म्हणजे चवडा वर उचलता येत नाही तेव्हा, चवडा आधी टेकतो किंवा घासतच पुढे येतो, मग टाचेचा ठोका आलेखात सापडतच नाही. पाऊल जमिनीवर स्थिर असताना वेग शून्य धरून पावलाची लांबी काढणारी पद्धतही तिथेच फसते, कारण ते पाऊल धड स्थिर होतच नाही. म्हणून त्या पायाच्या लांबीवर विसंबू नकोस. नडगीच्या जायरोस्कोपवरून वेळा काढ. पाय पुढे झुलताना उंच शिखर येतं, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत पाय उचलल्याचा आणि टेकल्याचा क्षण असतो. पाय बाहेरून गोल फिरवून टाकणाऱ्यांत हे शिखर बुटकं होतं. शिखर किती उंच असलं की पाऊल धरायचं, याची दोन्ही पायांना एकच मर्यादा ठेवलीस तर नेमकी लकव्याच्या पायाची पावलं गळतात आणि अहवाल मात्र झकास दिसतो! मर्यादा प्रत्येक पायाची वेगळी ठरव, आणि बाजूने घेतलेल्या मोबाइल व्हिडिओतल्या वीस पावलांशी ताडून बघ.

वळणं आणि सुरुवातीची-शेवटची दोन-दोन पावलं गाळ. स्प्लिंट, काठी, बूट यांची नोंद दर वेळी हवीच. स्प्लिंट चढवला की आकडे त्याच दिवशी बदलतात, ती सुधारणा नव्हे.

एका पेशंटची कच्ची फाइल आणि तिचाच व्हिडिओ पाठव, नाव-गाव काढून. मर्यादा किती ठेवायची ते बघून कळवतो.

तुझा,
मिलिंद