हरणाचा खिमा लगद्यासारखा का होतो

प्रिय विन्या,

खिमा लिबलिबीत येतो, यंत्र गुरगुरतं आणि जाळीत दोरे अडकतात, असं लिहिलंस. यंत्राला शिव्या देऊ नकोस. बहुतेक वेळा मांस पुरेसं गार नसतं आणि चिवट पांढरे तंतू तसेच राहिलेले असतात, तेच हे दोरे.

खिम्याला मान, खांदा, पायाच्या नळीजवळचं मांस आणि साफ करताना निघालेले तुकडे घे. कण्यालगतची लांब पट्टी मात्र दळू नकोस, ती अख्खी भाजायची चीज.

खरं काम सुरीचं. मांसावरचा चिवट चंदेरी पापुद्रा खाली ठेवून तुकडा फळीवर टेकव, एका टोकाशी सुरी शिरकव, सुटलेला पापुद्रा बोटांत घट्ट धर आणि सुरी जवळजवळ आडवी ठेवून पुढे सरकव. हरणाची स्वतःची चरबीही काढ. ती मेणचट असते, गार झाली की टाळूला चिकटते आणि फ्रीजरमध्येही खवट होते. मांडीत नि खांद्यात चरबीत दडलेल्या करड्या गाठी सापडतील, त्याही टाक. गोळी लागली असेल तिथलं रक्त साकळलेलं मांस सढळ हाताने कापून टाक; शिशाचे बारीक कण जखमेच्या बऱ्याच बाहेरपर्यंत गेलेले असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत.

मग दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे ताटात सुटे पसरून अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेव. कडा कडक, पण बोटाने दाबलं तर मध्ये दबलं पाहिजे. यंत्राचा स्क्रू, पातं, जाळीही त्यातच ठेव. ८५० ग्रॅम मांसाला १५० ग्रॅम डुकराची पाठीची चरबी पुरे, तीही गोठवलेली. चरबी अजिबात घातली नाहीस, तर टिक्की तव्यावर भुसभुशीत होऊन फुटेल.

पात्याची सपाट, धारेची बाजू जाळीकडे हवी. उलटं बसलं तर मांस कापलं न जाता चिरडतं, आणि हीच चूक सगळ्यात जास्त होते. जाळी धरून ठेवणारी आट्यांची रिंग हाताने घट्ट आवळ. सैल राहिली तरी तोच लगदा. आधी ८ ते १० मिलिमीटरच्या जाळीतून काढ, पुन्हा गार कर, मग ४ ते ५ मिलिमीटरच्या. मांस स्क्रूवर दाबू नकोस, तो आपणच ओढतो. चरबीचे पांढरे ठिपके सुटे दिसेनासे होऊन सगळं गुलाबी एकजीव झालं, की लगदा व्हायला लागला समज आणि थांब: पातं काढ, गुंडाळलेले दोरे साफ कर, मांस परत फ्रीजरमध्ये. टिक्कीसाठी मीठ अगदी शेवटी घाल. आधी घातलंस तर मांस सॉसेजसारखं चिवट बांधलं जातं.

अर्ध्या किलोच्या पिशव्या चपट्या दाबून, हवा काढून उणे १८ अंशांवर ठेव. चपटी पिशवी लवकर गोठते आणि लवकर सुटते. शिजवताना आत ७१ अंश सेल्सियस गाठायलाच हवेत, कारण दळताना वरचे जंतू आतपर्यंत मिसळतात. आणि त्या भागात हरणांना प्रायॉनचा (बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा, मेंदूचा) रोग असेल, तर आधी तपासणी करून घे, मेंदू आणि मणक्याला सुरी लावू नकोस. तो शिजवून जात नाही.

जाळी लगेच गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तिला तेलाचा हात फिरव, नाहीतर सकाळी गंज.

तुझा,
बाळ्या