नगर नियोजन मंत्र्यांना खुलं पत्र: गावाच्या नकाराला कायद्यात जागा द्या

मंत्रीसाहेब, नमस्कार.

गोव्यातल्या पेडण्यातून लिहितोय. आधी मागणी सांगतो: नगर नियोजन कायद्यातलं ३९अ कलम, ज्याखाली सरकार एकेका जमिनीचा झोन (ती शेती-बागायतीची की बांधकामाची) बदलतं, ते मागे घ्या आणि जमिनीचा झोन बदलायच्या आधी त्या गावच्या ग्रामसभेची मंजुरी सक्तीची करा. पुढचं सगळं कशासाठी ते सांगायला, वेळ असेल तर वाचा.

आत्ता काय होतं बघा. गॅझेटात नोटीस येते, सर्व्हे नंबर, इतके चौरस मीटर, बागायत होती ती सेटलमेंट (म्हणजे बांधकामाची) होणार, हरकत असल्यास ३० दिवसांत कळवा. गॅझेट आमच्याकडे वाचतो कोण? कुणीतरी पोरगा त्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, मग म्हातारी माणसं चष्मा लावून नंबर जुळवत बसतात की हा काजूंच्या वरचा डोंगर की ओढ्यापलीकडचा, आणि कळेपर्यंत बरेच दिवस गेलेले. मग रविवारी ग्रामसभा, आरडाओरडा, एकमताने ठराव, सेक्रेटरी लिहून घेतो आणि तो कागद पणजीला जाऊन पडतो. नगर नियोजन बोर्डाने तो मानलाच पाहिजे असं कायद्यात कुठंच नाही. त्याच कायद्याच्या १७(२) कलमात तर झोन बदलताना 'चूक दुरुस्ती' म्हणून तेवढीही नोटीस नव्हती, शेवटी मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाने त्याचे नियम रद्द केले. म्हणजे ओरडणारे अगदीच खुळे नव्हते.

तुम्ही लोक म्हणता आम्हाला जनतेने निवडून दिलंय. दिलंय की. पण मत दिलं ते सरकार चालवायला, डोंगराचं कुलमुखत्यारपत्र नव्हतं ते.

जागतिकीकरण म्हणजे मॉल आणि मोबाइल नव्हे, निर्णय कुठे होतो हा खरा प्रश्न. चीनला आमचं लोहखनिज हवं झालं, भाव चढले, आणि डिचोली-सांग्याच्या रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा लागल्या, शेतांत लाल चिखल उतरला, लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा हप्ते कुणाच्या डोक्यावर राहिले ते तुम्हाला ठाऊक आहे. भाव तिकडे ठरला, लीज इकडे ऑफिसात ठरली, धूळ खाणाऱ्याला कुठल्या टप्प्यावर विचारलं? आता खनिजाच्या जागी जमीन आलीय, इथे पेडण्यात मोपाचा विमानतळ झाल्यापासून आमच्याकडे तर जास्तच, एवढाच फरक.

हे रडगाणं फक्त गोव्याचं नाही. १ जानेवारी १९९४ ला अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोचा नाफ्टा हा मुक्त व्यापार करार लागू झाला, त्याच दिवशी मेक्सिकोत चियापासचे आदिवासी शेतकरी उठले. १९९९ ला सिएटलमध्ये डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) बैठकीबाहेर हजारो लोक रस्त्यावर, २००४ ला वर्ल्ड सोशल फोरम हा जगभरच्या चळवळींचा मेळावा आपल्या मुंबईत गोरेगावला भरला. यांना सरसकट जागतिकीकरणविरोधी म्हणून मोकळे झाले सगळे, पण त्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं साधं होतं, आमच्याबद्दल ठरवताना आम्हाला विचारा. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेत १९८९ पासून महापालिकेच्या बजेटातला काही पैसा कुठे घालायचा ते वस्त्यांच्या सभा ठरवू लागल्या, नळ आधी की गटार आधी यावर गरीब माणसं तासन् तास भांडायची. पोर्तुगीज बोलणारंच शहर ते, आपल्याला मात्र तिथून आलेलं काही शिकावंसं वाटत नाही!

आता ग्रामसभा म्हणजे देवळातली आरती नव्हे हे मलाही कळतं. तिथे भाटकाराचा (जमीनमालकाचा) आवाज मोठा असतो, बायका मागे बसतात, कधी कुणाची माणसं दमदाटीला येतात. गावकारीचे, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक जमीन-व्यवस्थेचे, गोडवे गाणाऱ्यांशीही माझं पटत नाही, ती गावकार घराण्यांची होती, सगळ्या गावाची कधीच नव्हती. ग्रामसभेत निदान मतदार यादीत नाव असलेला प्रत्येकजण उभा राहू शकतो, भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा मुंडकारसुद्धा. भांडण होईल, होऊ द्या, ती काय लॉ अँड ऑर्डरची भानगड नाही, लोकशाही म्हणतात तिला.

आणि आंदोलनं बाहेरची माणसं करवतात हे तर बंदच करा. केरीचा नायलॉन ६,६ प्रकल्प, २००७ मध्ये मागे घेतलेला रीजनल प्लॅन २०११ (राज्याच्या जमीनवापराचा आराखडा), त्याच वर्षाअखेर सेझ (विशेष आर्थिक क्षेत्रं), २०२१ मध्ये मेळावलीची आयआयटी. दरवेळी सरकारला माघार घ्यावी लागली, पण आधी पोलीस, लाठ्या, केसेस, केरीच्या वेळी तर गोळीबारात एक तरुण पोरगा गेला. रस्त्यावर उतरल्याशिवाय ऐकू येत नाही ही सवय लोकांना कुणी लावली?

लोकांना थेट विचारता येतं, गोव्याने ते करून दाखवलंय. १६ जानेवारी १९६७ चा ओपिनियन पोल, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा (खूण फूल) की वेगळा ठेवायचा (खूण दोन पानं) यावरचं मतदान. आमचे आजोबा कट्टर विलीनीकरणवाले, फुलावर शिक्का मारून आले आणि दोन पानांवाले ३४,०२१ मतांनी जिंकले. मरेपर्यंत चडफडत होते, पण निकाल चुकीच्या माणसांनी ठरवला असं कधी म्हणाले नाहीत, कारण विचारलं होतं त्यांना.

दर १८ जूनला सरकार मडगावला समाजवादी नेते राममनोहर लोहियांना हार घालतं. १९४६ ला ते पोर्तुगीज राजवटीत परवानगीशिवाय सभा घ्यायला उभे राहिले, आणि पुढे चौखंबा राज्य मांडलं, गाव, जिल्हा, प्रांत, केंद्र, चारही खांबांना आपापली सत्ता. गावाचा खांब तुमच्या कायद्यात आहे कुठे? हार नाही घातलात तरी चालेल.

पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती आणणार की नाही ते लेखी कळवा, मला नको, सगळ्या पंचायतींना. "ऑफिसात या, बसून बोलू" असा फोन मात्र नको. बोलायचंच असेल तर एखाद्या रविवारी पेडण्यातल्या कुठल्याही ग्रामसभेला या, ३९अ ची फाइल बरोबर आणा.

पेडण्यातला एक मतदार