वाघनखे : विश्वस्तांच्या सहीत किती बळ?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वाघनखे 3 वर्षांच्या बोलीवर लंडनहून आल्यापासून वाचकांच्या पत्रांत एक सवाल फिरून फिरून येतो. परत द्यायचीच तर आणली कशाला? आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या विश्वस्तांनी मन मोठे करून ती कायमची का दिली नाहीत? सवाल रास्त आहे, पण तो चुकीच्या दारात विचारला जातो आहे.

या मंडळावर 12 ते 20 विश्वस्त असतात. त्यांना ब्रिटनचे पंतप्रधान नेमतात. 1983 च्या राष्ट्रीय वारसा कायद्यापूर्वी हे संग्रहालय शिक्षण खात्याचा एक विभाग होते. त्या कायद्याने संग्रह विश्वस्तांच्या नावावर केला आणि त्याच दमात त्यांचे हातही बांधले. कलम 6 नुसार संग्रहातली वस्तू काढायला मोजक्याच वाटा आहेत. तिची दुसरी प्रत संग्रहात असेल, किंवा ती संग्रहात ठेवण्याजोगी नाही आणि ती गेल्याने अभ्यासकांचे व लोकांचे नुकसान होणार नाही असे मंडळाचे मत असेल, तर ती विकता, बदलून घेता वा भेट देता येते. मोडतोड, झीज वा किडीमुळे निकामी झालेलीही काढता येते. याशिवाय ब्रिटनमधल्याच ठरावीक राष्ट्रीय संग्रहांकडे वस्तू वर्ग करण्याची सोय आहे. वाघनखांना यातले काय लागू करणार? ‘ठेवण्याजोगी नाहीत’ असे विश्वस्तांनी लिहून द्यावे, ही मागणी आपल्यालाही शोभणारी नाही.

आपल्याकडच्या देवस्थानांवरून हे चटकन ध्यानात येईल. सातबाऱ्यावर देवाचे नाव असते, कारभार विश्वस्त पाहतात, पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय ती जमीन विकता येत नाही. फरक एवढाच की इथे परवानगी देणारा आयुक्त तरी आहे, तिथे त्या जागी थेट संसद आहे.

नैतिक कर्तव्य म्हणून द्या, असेही सुचवले जाते. तो रस्ता ब्रिटिश म्युझियमने चालून पाहिला आहे. 1939 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातल्या डॉ. आर्थर फेल्डमन यांचा चित्रसंग्रह लुबाडला, त्यातली 4 रेखाचित्रे पुढे या संग्रहालयात पोचली. विश्वस्तांना ती वारसांना द्यायची होती. 2005 मध्ये न्यायालयाने सांगितले, नैतिक जबाबदारी कितीही खरी असली तरी 1963 च्या ब्रिटिश म्युझियम कायद्यातली मनाई तिच्यामुळे उठत नाही. नाझी लुटीपुरती वाट मोकळी करायला संसदेला 2009 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. मानवी अवशेषांपुरती सूट 2004 च्या दुसऱ्या एका कायद्याने दिली होती. वसाहतकाळात गेलेल्या वस्तूंसाठी असा कायदा नाही.

ज्यांच्यावर हे बंधन नाही, त्यांनी वस्तू दिल्या आहेत. लंडनच्याच हॉर्निमन संग्रहालयाने 2022 मध्ये बेनिन या तिथल्या जुन्या राज्याच्या 72 वस्तूंची मालकी नायजेरियाकडे सोपवली. ग्लासगोच्या पालिका संग्रहालयांनी त्याच वर्षी भारताला 7 वस्तू परत देण्याचा करार केला. म्हणजे ब्रिटनमधून काही सुटतच नाही हेही खरे नव्हे. वस्तू कोणत्या कायद्याखालच्या संग्रहात आहे, हे आधी पाहावे लागते. घानाच्या असांते राजघराण्याचे सोने ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये होते. त्यातल्या 32 वस्तू 2024 मध्ये कुमासीला गेल्या, त्याही 3 वर्षांच्या उसनवारीवर. आपल्याला जे मिळाले तेच त्यांनाही मिळाले.

उसनवारीला एक किंमत मात्र असते. करारावर सही करणारा देणाऱ्याची मालकी मान्य करतो. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची ब्रिटिश म्युझियममधली शिल्पे ग्रीस ‘उसनी’ घ्यायला तयार होत नाही तो याचसाठी. आपण सही केली. चूक की बरोबर यावर मतभेद राहतील, पण सही करताना काय कबूल केले ते लोकांना सरळ सांगायला हवे होते. (वाघनखांच्या पेटीवरचा इंग्रजी लेखही कोणी नीट वाचलेला दिसत नाही. त्यात मारल्या गेलेल्या सरदाराला मोगल म्हटले आहे. अफझलखान आदिलशाहीचा होता. महाराजांनी वापरली ती हीच वाघनखे का, याची खात्री देता येत नाही असे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय स्वतःच सांगते.)

आता खऱ्या कामाचे. वस्तू उसनी द्यायची का, किती काळ आणि कोणत्या अटींवर, हे ठरवताना विश्वस्तांनी तीन गोष्टी पाहाव्यात असे कायदाच सांगतो : अभ्यासक व प्रेक्षकांची गरज, वस्तूची अवस्था व दुर्मीळता, आणि तिला संभवणारा धोका. पहिल्या दोन गोष्टी लंडनला ठरतात. तिसरी मात्र आपल्या हातात आहे.

वाघनखे पोलादाची आहेत आणि ती साताऱ्यात प्रदर्शनाला मांडली गेली जुलैमध्ये, म्हणजे हवेत 80 टक्क्यांच्या वर दमटपणा असताना. उघड्या पोलादाला त्या हवेत गंज धरायला वेळ लागत नाही, आणि बोटांच्या घामातले क्षार लागले की ठशाच्या आकाराचाच गंज चढतो. म्हणून नायट्राइलचे हातमोजे हवेत आणि घट्ट बंद होणारी काचपेटी हवी. पेटीच्या तळाशी सिलिका जेलचा कप्पा असावा, आतला दमटपणा 40 टक्क्यांच्या आसपास स्थिर राहावा. जेल ओलावा पिऊन भरले की ते बदलावे वा सुकवून परत ठेवावे लागते. नेमके हेच राहून जाते, कारण पहिल्या महिन्यानंतर ते काम कोणाचे हे कागदावर नसते.

दुसरी चूक वातानुकूलनाची. दिवसा यंत्र चालू आणि संध्याकाळी कुलूप लावताना बंद, ही आपल्या इमारतींची जुनी खोड. थंड झालेल्या धातूवर रात्रीच्या दमट हवेतले पाणी बसते. त्यापेक्षा यंत्र नसलेले दालन आणि नीट बंद केलेली पेटी बरी. तिसरी चूक म्हणजे उद्घाटनाच्या घाईत ताज्या प्लायवूडची, ताज्या रंगाची पेटी. त्यातून निघणारी आम्लाची वाफ आत कोंडते आणि धातूला खाते.

साताऱ्यानंतर मुक्काम हलवून वाघनखे नागपूरला गेली. दर मुक्कामाला खोका उघडायच्या आधी तो त्या दालनात साधारण 24 तास तसाच ठेवायचा, मग प्रत्येक बाजूचे फोटो, प्रत्येक डाग व ओरखडा नोंदवून दोन्ही पक्षांच्या सह्या घ्यायच्या. हा स्थिती-अहवाल म्हणजे निव्वळ कागदी घोडा नव्हे. ब्रिटिश म्युझियममधून 2,000 च्या आसपास वस्तू गहाळ झाल्या, चोरीला गेल्या वा त्यांची मोडतोड झाली, हे 2023 मध्ये बाहेर आले. त्यातल्या बऱ्याच वस्तूंची धड नोंदच नव्हती. जे नोंदवलेले नाही ते गेले हे सिद्ध कसे करणार? संचालकांना पद सोडावे लागले आणि विश्वस्तांना 24 लाख नोंदी भरण्याचे वा सुधारण्याचे काम हाती घ्यावे लागले.

म्हणून पुरातत्त्व खात्याला सुचवावेसे वाटते, वाघनखांच्या पेटीतल्या लॉगरची, म्हणजे दमटपणा सतत मोजून ठेवणाऱ्या उपकरणाची, नोंद दरमहा संकेतस्थळावर टाकावी आणि प्रत्येक मुक्कामाचा स्थिती-अहवाल जाहीर करावा. कायमच्या मालकीसाठी पत्रे लिहायचीच असतील तर ती वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या, खासदारांना लिहावीत. मुदतवाढ मागायची झाली तर मात्र लंडनचे मंडळ भाषणे वाचणार नाही. लंडन सोडतानाचा अहवाल आणि शेवटच्या मुक्कामाचा अहवाल ते शेजारीशेजारी ठेवून पाहील.

आपला,
संग्रहालयशास्त्राचा एक अभ्यासक, पुणे