पहिलं दुपटं आणि दोन सुतांचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत महिन्याभरापूर्वी नवशिक्यांनी पहिली गोधडी कशी शिवावी यावर लेख आला होता. फोटो देखणा होता. खाली सामानाची यादी होती: गोल पात्याचा कटर, त्याखाली अंथरायची मॅट, ठरावीक छापाच्या कापडाचा गठ्ठा, आत घालायचा कापसाचा तयार थर. आणि माप दिलं होतं डबल बेडचं. आमच्या सूनबाईंनी यादी वाचली, पान घडी केलं आणि पिठाच्या डब्याखाली घातलं. दोन दिवसांनी मी ते काढून पुन्हा वाचलं. त्याच आठवड्यात माझं पहिलं दुपटं पुरं झालं होतं, म्हणून हे पत्र.

मी टर्नर. राहणार पलूस. ३१ वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, उभा राहिलो. कापडाशी संबंध म्हणाल तर हात पुसायच्या चिंध्यांपुरता. यंदा धाकट्या लेकीला दिवस गेले आणि मंडळींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, या दोन गोष्टी एकाच चैत्रात आल्या. डॉक्टरांनी बारीक काम काही दिवस बंद सांगितलेलं. दुपटं तर घरचंच पाहिजे असा लेकीचा हट्ट. मी म्हटलं, आण इकडं. यात काय एवढं, चौकोन कापायचे आणि जोडायचे. थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, माप काढणाऱ्या माणसाला चौकोन काय अवघड!

तुमच्या लेखात सगळीकडे गोधडी हा एकच शब्द होता. आमच्याकडे मोठी ती वाकळ, तान्ह्या बाळाच्या अंगाखाली घालायचं ते दुपटं. हा फरक मापाचा आहे, आणि नवशिक्याचं सगळं नशीब मापावर आहे. डबल बेड सांगून तुम्ही माणसाला पहिल्याच दिवशी मोठ्या शाफ्टवर उभं केलंत. आम्ही पोरं कारखान्यात लागलो तेव्हा मिस्त्रींनी सहा महिने नुसते वॉशर कापायला लावले होते. तर ज्यांना शिकायचंय त्यांनी दुपट्यापासून सुरुवात करावी. कापड थोडं लागतं, मांडीवर मावतं, बिघडलं तर बाळ तक्रार करत नाही. मात्र ते अंगाखाली अंथरायलाच ठेवा. तान्ह्याच्या तोंडावर येईल असं जाड पांघरूण घालू नये.

मी आधी ड्रॉइंग काढलं. नातवाच्या वहीतला आलेखाचा कागद घेतला, एक मोठं घर म्हणजे एक चौकोन. आडवे ८, उभे १०, मिळून ८० चौकोन. चौकोन ५ इंचाचा, म्हणजे दुपटं ४० बाय ५०. फिका, गडद, फिका, गडद, बुद्धिबळाच्या पटासारखं. ४० फिके, ४० गडद. कागदावर इतकं सुरेख दिसलं की मी त्यावर तारीख आणि सही टाकली.

मग पत्र्याचा ५ इंची चौकोन कापून कानशीने कडा मारल्या, काटकोन तपासला. हा झाला साचा. कापडावर ठेवायचा, साबणाच्या तुकड्याने चारी बाजूंनी रेघ मारायची, कात्रीने कापायचं. कटर लागला नाही, मॅटही लागली नाही. एका जुन्या सुती शर्टाच्या पाठीतून १५ चौकोन सहज निघाले. कॉलर, कफ आणि कोपराकडचा विरलेला भाग सोडून द्यावा. तिथलं कापड आधीच थकलेलं असतं.

कापड म्हणजे कुठलंही जुनं कापड चालतं, असं त्या लेखात एक वाक्य आहे. ते कृपा करून मागे घ्या. माझ्या ट्रंकेत टेरिकॉटच्या पँटी होत्या, पोराचे टी-शर्ट होते, एक लालभडक सुती पडदा होता. मी तिन्ही वापरायला काढले. टेरिकॉटला इस्त्री केली तरी शिवणीची घडी बसत नव्हती, आणि बोटाची आग होईस्तोवर सुई रेटायला लागली. टी-शर्टचं कापड ओढलं की लांबतं. साच्याखाली ५ इंच असतं आणि कात्रीतून सुटलं की त्याच्या मनाला येईल तेवढं होतं. नवशिक्याने फक्त सुती घ्यावं, विणीचं न घेता मागावरचं, आणि साधारण एकाच जाडीचं. जुनी लुगडी, धोतरं, सुती शर्ट, पातळ चादरी. सोलापुरी चादर तेवढी मध्ये घालू नका, आरपार सुई जात नाही.

आता लाल पडद्याचं. माझी थोरली वैनी आटपाडीकडची. पंचाहत्तरीच्या घरात आहे, तिच्या हातच्या वाकळा आमच्या भावकीत घरोघर आहेत. मी चौकोन मांडून ठेवले होते तेव्हा ती यात्रेहून परतताना घरी उतरली. लाल तुकडा उचलून तिने ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासला. फडकं गुलाबी झालं.

"भावजी, धुतलं न्हाई व्हय ह्ये?"

"पडदाच आहे की वैनी, स्वच्छ आहे."

"लोखंड धुवावं लागत न्हाई, कापाड धुवावं लागतंय."

नवं किंवा न वापरलेलं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं आणि गडद रंग असेल तर सोडतं. जुनी लुगडी शेकडो वेळा धुतलेली, त्यांचं आटणं आणि रंग जाणं कधीच उरकलेलं. नवा तुकडा त्यांच्याशेजारी शिवला की पहिल्याच धुण्यात तो आकसतो आणि शेजारच्यांना चुण्या पडतात. म्हणून कापायच्या आधी सगळं धुवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं. लाल, जांभळं, गडद निळं असेल तर वैनीच्या फडक्याची परीक्षा आधी. मी तिचं ऐकलं, पण अर्धवट: बहुतेक लाल चौकोन काढले आणि दोन ठेवले, कारण ड्रॉइंगमध्ये ते बरोब्बर कोपऱ्यांवर होते. त्याचं काय झालं ते पुढे येतंच.

फिकं आणि गडद ओळखणं मला सोपं वाटलं होतं, पण ते तसं नाही. पिवळा आणि आकाशी हे दोन वेगळे रंग, पण लांबून पाहिलं तर दोन्ही सारखेच फिके. शेजारी ठेवले की पट बुजतो. नातवाने युक्ती काढली. चौकोन जमिनीवर मांडून मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढला. जे करडे दिसतात ते ना इकडचे ना तिकडचे. असे अकरा चौकोन बदलले. नंतर सगळी मांडणी ओळीओळीने उचलून, प्रत्येक ओळीच्या पहिल्या तुकड्याला आकड्याची चिठ्ठी टाचली. एरवी मांजराने एका रात्रीत दोन दिवसांचं काम उधळलं असतं. एकदा उधळलंच.

आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. आडव्या ओळी जोडून झाल्या, ओळीला ओळ जोडून झाली, मी टेप लावला. ४० बाय ५० यायला पाहिजे होतं. आलं साडेछत्तीस बाय साडेपंचेचाळीस. पुन्हा लावला. टेप बदलला. तेच.

संपादक महाशय, मी ३१ वर्षांत एका जॉबला किती सोडायचं हे विसरलो नव्हतो. आणि इथे शिवणीला कापड सोडायचंच विसरलो! शिवण काठापासून दोन सूत, म्हणजे पाव इंच, आत जाते. चौकोनाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत, म्हणजे चार सूत, म्हणजे अर्धा इंच. ५ इंचाचा चौकोन शिवल्यावर साडेचार उरतो. आठ चौकोनांच्या सात शिवणींत साडेतीन इंच गेले, दहा चौकोनांच्या नऊ शिवणींत साडेचार; बाहेरच्या कडांचा अर्धा इंच पुढे कड शिवताना जाणारच. शिवून ५ इंच हवा असेल तर कापायचा साडेपाच. एवढंच गणित आहे, चौथीतलं पोर करेल. आमच्या भाषेत जॉब अंडरसाइझ झाला, आणि अंडरसाइझ म्हणजे रिजेक्ट. जास्त राहिलं तर पुन्हा कापता येतं, गेलेलं परत येत नाही. तुमच्या लेखात डबल बेडचं माप होतं, चौकोनांची संख्या होती, पण हे दोन सूत कुठेच नव्हते. मी तीनदा शोधले.

अस्तर मी आधीच कापून बसलो होतो, मांजरपाटाचं, ४४ बाय ५४. मधल्या थराचं धोतरही तेवढंच. आता चारही बाजूंनी जवळजवळ चार-चार इंच शिल्लक. मी कात्री घेतली तर वैनी फोनवर ओरडली, "कापू नका भावजी, वर उलटवा!" तेच केलं. शिल्लक अस्तर पुढच्या बाजूला उलटवून, कड आत मुडपून, चारी बाजूंनी टाके घातले. दीड-दीड इंचाची पांढरी चौकट तयार झाली, माप ३९ बाय ४८ झालं, आणि लोक विचारतात ही चौकट कशी सुचली. मी सांगतो, ड्रॉइंगमध्ये होती.

हां, मधला थर. मी आधी अस्तर, दोन धोतरं, एक चादर आणि वरचा पट असे पाच थर घातले होते. ऊब पाहिजे ना! दोन सुया मोडल्या. वैनीने तीनच ठेवायला लावले: अस्तर, एक धोतर, पट. तिन्ही थर फरशीवर ताणून पसरायचे, मधून बाहेर जात लांब-लांब कच्चे टाके घालून एकत्र धरायचे, मगच धावदोरा. कच्चे टाके चुकवले की आतलं धोतर सरकून एका कोपऱ्यात गोळा होतं. दोरा सुती, जाडसर, मेणातून ओढलेला. अंगुस्तान, म्हणजे सुई रेटताना बोटात घालायची टोपी, मी मित्राच्या वर्कशॉपमध्ये पितळेचं काढलं, नर्लिंगसकट, म्हणजे वर खरखरीत खाचा पाडून. सुई त्यावरून घसरत नाही. हे सांगायची गरज नव्हती, पण वस्तू झकास झाली आहे.

धावदोरा घालताना मी मोजत होतो, सवय. इंचाला ४ टाके, दोन ओळींत एक इंच अंतर, ३९ इंचाच्या ४७ ओळी. सात हजारांवर टाके झाले. रात्री बातम्या बघत घातले तरी सहा आठवडे लागले. मग मी वैनीच्या वाकळेला टेप लावला. ५ फूट बाय ७ फूट, ओळींत अंतर चार सूत, इंचाला ५ टाके. हिशेब केला तर पन्नास हजारांवर गेला. एवढे टाके एका बाईने, शेतातून आल्यावर, भाकऱ्या झाल्यावर. गेल्या वर्षी तिच्या दारात एक माणूस आला होता, शहरात प्रदर्शनात विकायला वाकळा गोळा करत. त्याने सांगितलेला आकडा मी इथे लिहीत नाही, पण तेवढ्यात कापसाची गादीही पिंजून मिळत नाही. तिने त्याला चहा पाजून परत पाठवला. तेव्हा मला ती हेकट वाटली होती.

पहिल्या धुण्यात दोन लाल कोपऱ्यांनी रंग सोडला. पांढऱ्या चौकटीचे दोन कोपरे गुलाबी झाले, बाकीचे दोन पांढरे राहिले. लेक म्हणते असंच आवडतं. ती आईची मुलगी आहे, खोटं सफाईनं बोलते.

दुसऱ्या दुपट्याचं ड्रॉइंग तयार आहे, कारण पोटात जुळी असल्याचं मधल्या तपासणीत कळलं. यावेळी चौकोन साडेपाचचा आणि अस्तर मापात. चौकटीऐवजी लुगड्याच्या काठाचा गोट लावणार आहे. ४० बाय ५० च्या चारी बाजू मिळून १८० इंच होतात, कोपरे वळवायला आणि टोकं जोडायला १० धरा; नऊवारीचा एक काठ ३२४ इंचांचा, म्हणजे १३४ इंच उरतो. काठ मात्र आधी धुवून घेतलाय, दोनदा.

एक विनंती आहे. असा लेख पुन्हा छापाल तेव्हा फोटोची जागा थोडी कमी करा आणि पानाच्या कोपऱ्यात साडेपाच इंचाचा एक रिकामा चौकोन खऱ्या मापात छापा, आत दोन सुतांवर तुटक रेघ. लोक कापून पुठ्ठ्यावर चिकटवतील, तोच साचा. यादी लागणार नाही. छपाईत माप अर्धं सूत इकडेतिकडे झालं तरी चालेल, सगळ्या चौकोनांचं सारखंच इकडेतिकडे होईल.

आपला,
एक निवृत्त टर्नर
पलूस, जि. सांगली